डिलिव्हरीची फाइल रद्दीत टाकू नका

मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये जागा ती किती असणार, त्यामुळे दिवाळीच्या साफसफाईत डिलिव्हरीची फाइल हमखास रद्दीत जाते. पोरगं कॉलेजला गेलं, आता ते कागद ठेवून करायचंय काय? पण बाईच्या हार्टचं पुढे काय होऊ शकतं याचा पहिला अंदाज बऱ्याचदा त्याच कागदांत असतो, आणि तो कुठल्याही फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये मिळत नाही.

काय होतं की गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, हार्टला तेवढं जास्त पंपिंग करावं लागतं, म्हणजे नऊ महिने चाललेली स्ट्रेस टेस्टच म्हणा. त्यात काही जणींचं बीपी 20 आठवड्यांनंतर 140/90 च्या वर जातं, लघवीतून प्रोटीन जायला लागतं, पाय आणि तोंड सुजतं. याला प्रीएक्लाम्प्सिया म्हणतात. बाळ झालं की बहुतेकींचं बीपी काही आठवड्यांत खाली येतं, मग डिंकाचे लाडू, बारसं, आणि सगळे विसरून जातात. रक्तवाहिन्या मात्र विसरत नाहीत. अशा बायकांमध्ये पुढे हार्ट अ‍ॅटॅक आणि स्ट्रोकचा धोका साधारण दुप्पट दिसतो, हार्ट फेल्युअरचा तर चौपटीच्या आसपास. आता त्या आजाराने वाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडलं की मुळातच अंगात कल होता आणि गरोदरपणाने तो फक्त उघडा पाडला, यावर डॉक्टरांचा वाद चालू आहे, बहुधा दोन्ही थोडं थोडं असावं. गरोदरपणात शुगर वाढली असेल तरी पुढचा धोका दुप्पट होतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2011 सालीच या गोष्टी बायकांच्या रिस्कच्या यादीत घातल्या.

पण हार्टच्या डॉक्टरकडे गेल्यावर विचारतात काय, तर बीपी आहे का, शुगर आहे का, घरात कोणाला होतं का, सिगारेट ओढता का. डिलिव्हरीच्या वेळचं बीपी कोणी विचारलं तर नशीब समजा, म्हणून आपणच आपल्या तोंडाने सांगायचं. आणि त्या सिगारेटच्या प्रश्नाला आपल्या मावश्या, काकवा अगदी खरेपणाने ‘छे, नाही’ म्हणतात, कारण सकाळी दाताला लावायची मशेरी त्यांच्या हिशोबी तंबाखू नसतेच! 1990 च्या दशकात मुंबईतच 35 वर्षांच्या पुढच्या जवळजवळ एक लाख लोकांची पाहणी झाली होती, त्यात निम्म्याहून जास्त बायका तंबाखू घेणाऱ्या निघाल्या आणि त्यातल्या जवळपास सगळ्या बिनधुराचा तंबाखू घेत होत्या. धूर नाही म्हणून हार्टला काही होत नाही असं नाहीये, निकोटिन हिरडीतूनही रक्तात जातं आणि बीपी, ठोके दोन्ही वाढवतं. 52 देशांतल्या इंटरहार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांनाही हार्ट अ‍ॅटॅकचा धोका जास्त दिसला होता.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, बायकांना पहिला अ‍ॅटॅक पुरुषांपेक्षा सरासरी 9 वर्षं उशिरा येतो. इथूनच तो गैरसमज सुरू होतो की हा पुरुषांचा आजार. अहो, उशिरा येतो, पण येतोच ना! जगभरात बायकांच्या साधारण तीन मृत्यूंमागे एक हार्ट आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होतो. पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन या बायकांच्या हॉर्मोनचा आधार असतो, पाळी गेली की वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, पोटावर चरबी येते, बीपी चढतं. ज्यांची पिशवी काढताना अंडाशयंही काढली, तीही पंचेचाळिशीच्या आत, त्यांचं हे सगळं लवकर सुरू होतं, आणि ‘पिशवीबरोबर अजून काय काढलं’ हे आपल्याकडे कित्येक जणींना माहीतच नसतं, ते डिस्चार्जच्या कागदावर बघून घ्या. मग वरून हॉर्मोनच्या गोळ्या घेतल्या की झालं, असंही नाही. पाळी गेलेल्या पण पिशवी असलेल्या 16 हजारांहून जास्त बायकांवरचा या गोळ्यांचा अमेरिकेतला अभ्यास 2002 मध्ये मध्येच थांबवावा लागला, फायदा व्हायच्या ऐवजी हार्टचा त्रास आणि स्तनांचा कॅन्सर दोन्ही वाढलेले दिसले. गरम वाफांचा त्रास फार असेल तर डॉक्टर विचार करून देतात ती गोष्ट वेगळी, पण हार्टसाठी म्हणून नाही.

लक्षणांबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की बायकांना छातीत दुखतच नाही. हे चूक आहे. बायकांमध्येही सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण छातीतला दाब किंवा कळ हेच, फक्त त्याच्याबरोबर जबडा, पाठ, खांदा दुखणं, मळमळ, दम लागणं, घाम हे जास्त वेळा असतं आणि काही वेळा छाती खरंच गप्प असते. 2003 साली आलेल्या एका अभ्यासात अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या 515 बायकांना विचारलं तर सुमारे 70 टक्के जणींना अ‍ॅटॅकच्या महिनाभराहूनही आधीपासून न समजणारा थकवा होता. आता थकवा कोणत्या बाईला नसतो, पहाटे डबे, मग लोकल, संध्याकाळी भाजी घेऊन परत! म्हणून बघायचं ते नवीन काय आहे. कालपर्यंत दादरचा पूल न थांबता चढत होतात आणि आता अर्ध्यावर छातीत किंवा जबड्यात आवळल्यासारखं होतं, थांबलं की बरं वाटतं, तर ती अ‍ॅसिडिटी धरून चालू नका.

दुसरा घोळ तपासणीत. अँजिओग्राफीत मोठ्या वाहिन्या दिसतात, बारीक वाहिन्यांचा आजार त्यात दिसत नाही आणि तो बायकांमध्ये जास्त असतो. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे म्हणतात टेन्शन घेतेस तू. त्रास चालू असेल तर डॉक्टरला सरळ विचारा, बारीक वाहिन्यांचं काय? कंबरही मोजून ठेवा, आपल्या बायकांसाठी 80 सेंटिमीटर ही सीमा धरतात.

आणि त्रास अचानक सुरू झाला तर सोडा पिऊन पडून राहायचं नाही, 108 लावायचा, हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर 10 मिनिटांत ईसीजी निघायला हवा, नसेल निघाला तर सोबतच्याने मागायचा. पहिला ईसीजी चांगला आला तरी ट्रोपोनिनची, म्हणजे हार्टला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी काही तासांनी परत करावी लागू शकते, तोवर ‘घरी कुकर लावायचाय’ म्हणून बेडवरून उठू नका, कुकर कोणीतरी लावेल.