बेला कोवाच अटक प्रकरण

सोव्हिएत लष्कराने हंगेरीतील स्मॉलहोल्डर्स (छोट्या शेतकऱ्यांच्या) पक्षाचे नेते बेला कोवाच यांना २५ फेब्रुवारी १९४७ रोजी बुडापेस्टमध्ये केलेली अटक आणि तीवरून अमेरिका, ब्रिटन व सोव्हिएत संघ यांच्यात झडलेला राजनैतिक वाद या नावाने ओळखला जातो.

नोव्हेंबर १९४५ च्या निवडणुकीत या पक्षाला सुमारे ५७ टक्के मते मिळाली होती. गृहखाते आणि राजकीय पोलीस मात्र कम्युनिस्टांच्या हाती होते. प्रजासत्ताकाविरुद्ध कट उघडकीस आल्याचे जाहीर करून पोलिसांनी कोवाच यांचे नाव त्यात गोवले. संसद सदस्य म्हणून असलेले त्यांचे संरक्षण काढून घेण्यास पक्ष तयार नव्हता. हा अडसर हंगेरीच्या कायद्याचा असल्याने सोव्हिएत लष्कराला तो लागू होत नव्हता, आणि अटक त्याच लष्कराने का केली याचे उत्तर बहुधा एवढ्यातच आहे. सोव्हिएत सैन्याविरुद्ध हेरगिरी करणे व सशस्त्र गट उभारण्यात भाग घेणे असे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले.

अमेरिकेने ५ मार्च रोजी निषेधाचे पत्र दिले. हंगेरीच्या अंतर्गत कारभारातील हा हस्तक्षेप याल्टा जाहीरनाम्याशी (मुक्त झालेल्या युरोपाबाबत या तिन्ही राष्ट्रांनी १९४५ मध्ये केलेल्या घोषणेशी) विसंगत आहे, असे सांगून तिन्ही राष्ट्रांनी हंगेरी सरकारसह कटाची संयुक्त चौकशी करावी, अशी मागणी त्यात होती. ब्रिटननेही निषेध नोंदवला. दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण आयोगाचे सोव्हिएत प्रमुख जनरल स्विरिदोव्ह यांनी मागणी फेटाळली. आपल्या सैन्याच्या सुरक्षिततेसाठी कारवाई करण्याचा ताबा घेतलेल्या सैन्याचा हक्क निर्विवाद आहे आणि संयुक्त चौकशी हाच हंगेरीच्या न्यायसंस्थेतील हस्तक्षेप ठरेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. १७ मार्चच्या दुसऱ्या अमेरिकी पत्रानेही काही साधले नाही.

वादाचे खरे मूळ हंगेरीने जानेवारी १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांशी केलेल्या शस्त्रसंधीत होते. तिने स्थापलेल्या या नियंत्रण आयोगात अमेरिका व ब्रिटनला प्रतिनिधित्व होते, परंतु अध्यक्षपद आणि प्रत्यक्ष अंमल सोव्हिएत लष्कराकडे होता. अटकेच्या १५ दिवस आधी, १० फेब्रुवारीला, पॅरिसमध्ये हंगेरीशी शांतता करारावर सह्या झाल्या होत्या. तो अमलात आला मात्र १५ सप्टेंबरला. तोवर जुनीच व्यवस्था चालू राहिली.

मेअखेर कोवाच यांच्या कथित जबानीचा आधार घेऊन, स्वित्झर्लंडमध्ये सुटीवर असलेले पंतप्रधान फेरेन्त्स नॉज यांना राजीनामा देण्यास भाग पाडण्यात आले. अमेरिकेने हंगेरीला मंजूर केलेल्या पतकर्जाचा उरलेला भाग गोठवला. सोव्हिएत संघात नेलेले कोवाच १९५५ मध्ये हंगेरीत परतले, १९५६ च्या सोव्हिएतविरोधी उठावात तेव्हाचे पंतप्रधान इम्रे नॉज यांच्या मंत्रिमंडळात काही दिवस मंत्री होते आणि १९५९ मध्ये मरण पावले.