उष्माधारकता की विशिष्ट उष्माधारकता? कॅलरीमापीत दोन्ही लागतात

१०० ग्रॅम ॲल्युमिनियम आणि ७०० ग्रॅम शिसं घ्या. दोन्ही तुकडे एका अंशाने तापवायला जवळपास सारखीच उष्णता लागते, सुमारे ९० जूल. म्हणजे दोन्ही तुकड्यांची उष्माधारकता सारखी. विशिष्ट उष्माधारकतेत मात्र सात पटींचा फरक आहे: ॲल्युमिनियमची ०.९०, शिशाची ०.१३ जूल प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस. पहिली राशी समोरच्या वस्तूची, वस्तुमान वाढलं की तीही वाढते. दुसरी त्या धातूचीच. तुकडा कापून अर्धा केला तरी ती तेवढीच राहते.

व्याख्या पाठ करून हा फरक मनात ठसत नाही, मिश्रण पद्धतीच्या प्रयोगात (तापवलेला तुकडा थंड पाण्यात सोडून दोघांचं तापमान एक होऊ द्यायचं) ठसतो. कारण तिथे एकाच समीकरणात दोन्ही राशी येतात.

समजा, तांब्याचा १०० ग्रॅमचा तुकडा १०० अंशांपर्यंत तापवून २५ अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात सोडला. कॅलरीमापीचं, म्हणजे उष्णतेची देवाणघेवाण मोजण्याच्या उपकरणाचं, भांडंही तांब्याचंच, ५० ग्रॅमचं. उष्णता बाहेर गेली नाही, तर तापमान ३१.०६ अंशांवर स्थिरावेल. तुकड्याने गमावलेली उष्णता पाण्याने आणि भांड्याने मिळून घेतलेली असते. तुकड्याची विशिष्ट उष्माधारकता काढायची आहे, म्हणून त्याचं वस्तुमान वेगळं मांडावंच लागतं. भांड्याच्या बाबतीत एकच आकडा पुरतो: एका अंशाला १९.२५ जूल. ही त्याची उष्माधारकता. ती प्रति ग्रॅम समजून पुन्हा ५० ने गुणली, की सगळं गणित कोसळतं. भांडं हिशेबातून गाळलं, तर तांब्याचं उत्तर ०.३८५ ऐवजी ०.३६८ येतं.

पाणी मात्र या प्रयोगात फार जड पडतं. त्याची विशिष्ट उष्माधारकता ४.१८६, तांब्याच्या जवळजवळ अकरा पट, म्हणून तापमान जेमतेम सहा अंशांनी चढतं. पाण्याची तापमानवाढ मोजताना अर्ध्या अंशाची चूक झाली, तर उत्तर सुमारे आठ टक्क्यांनी हलतं. पाणी तुकडा बुडेल इतकंच घ्यावं, हे मी आग्रहाने सांगेन.

तुकडा थेट उकळत्या पाण्यातून उचलला, तर त्याला चिकटलेलं एक ग्रॅम पाणीसुद्धा सुमारे २९० जूल सोबत आणतं. तुकड्याने दिलेल्या उष्णतेच्या दहाव्या हिश्श्याहून हे जास्त आहे. म्हणून तुकडा कोरड्या परीक्षानळीत ठेवून ती नळी उकळत्या पाण्यात धरावी.