भातात, मोहात आणि वाघात

चैत्रातल्या पहाटे गोंदिया-गडचिरोलीकडच्या एखाद्या गावाबाहेर मोहफुले वेचणाऱ्या बायांना जो गोडसर, किंचित जड वास सकाळभर वेढून असतो, त्यापासून सुरुवात करून विदर्भाच्या वासांचे एक अत्तर करायचे ठरवले तर पहिली अडचण अशी येते की त्या वासावर मोहाची एकट्याची मालकी नाही. ताज्या मोहफुलांच्या वासातील प्रमुख रेणू २-असिटाइल-१-पायरोलीन हा आहे, आणि सुवासिक तांदूळ शिजताना येणारा दरवळही मुख्यतः त्याचाच असतो. एवढ्यावरही भागत नाही. वाघ आपल्या हद्दीची खूण म्हणून झाडाझुडपांवर जो फवारा सोडतो त्यातही हाच रेणू असल्याचे रतनलाल ब्रह्मचारी या जीवशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९९० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात मांडले. म्हणजे नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावात चुलीवरचा सुवासिक चिन्नोर भात, परसातला मोह आणि रात्री बांधावरून गेलेला वाघ हे तिघेही एकाच रेणूचे धनी असू शकतात.

तरीही भात आणि मोह यांत नाकाची गफलत होत नाही, कारण नाक सुटा रेणू वाचत नाही. माणसाच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असतात. एक रेणू अनेक ग्राहकांना चाळवतो, एक ग्राहक अनेक रेणूंना दाद देतो, आणि त्या सगळ्यांच्या एकत्रित नक्षीवरून मेंदू वास ठरवतो. या ग्राहकांची जनुके १९९१ मध्ये शोधणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांना २००४ चे नोबेल मिळाले. पाहणे-ऐकणे यांचे संदेश मेंदूतील थॅलेमस या नाक्यावरून पुढे जातात. वासाचा संदेश मात्र तो नाका टाळून भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांच्या जवळ थेट पोहोचतो, आणि वासाने जागी होणारी आठवण इतकी हळवी असण्यामागे हे एक कारण मानले जाते.

अत्तर करणाऱ्याचे खरे हाल इथून पुढे आहेत. मोहफुले पाण्यात उकळून अर्क काढावा तर उष्णतेने वासच बदलतो, आणि २-असिटाइल-१-पायरोलीन शुद्ध रूपात इतके अस्थिर आहे की कुपीत फार काळ टिकत नाही. अशा वेळी झाडावरच्या फुलांवर काचेचे भांडे बसवून आतली हवा शोषक पदार्थावर गोळा करतात, तिचे पृथक्करण करतात आणि जुळणाऱ्या, टिकाऊ रेणूंनी तो वास पुन्हा रचतात. मोहासाठी असिटाइलपायराझीन हा भाजल्या लाह्यांसारखा वास असलेला, बराच स्थिर रेणू चालू शकेल. हा कुपीतला मोह नकली ठरेल, हे मान्य. पण फुलातून थेट काढलेल्या अर्काहून तो झाडाखालच्या वासाच्या अधिक जवळ जाईल, असे मला वाटते.

पळसाबाबत तर रसायनशास्त्रही हात टेकते. फाल्गुनात सगळा माळ पेटवणारे हे फूल निर्गंध आहे. सुभाषितकारांनी विद्याहीनांना उगाच किंशुकाची उपमा दिलेली नाही.

मातीचे अत्तर मात्र जुने आहे. कनौजचे कारागीर भाजलेली माती तांब्याच्या डेगेत पाण्यासह तापवतात आणि तिची वाफ बांबूच्या नळीतून चंदनाच्या तेलात उतरवतात. पहिल्या पावसाच्या या वासाला इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९६४ मध्ये ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले. कोरड्या दिवसांत वनस्पतींचे तेलकट पदार्थ माती-दगडांत मुरतात, आणि त्यांच्या जोडीला स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंनी बनवलेले जिओस्मिन असते, जे एक लाख कोटी भागांत पाच भाग असले तरी नाकाला कळते. विदर्भाच्या कापसाच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे पापुद्र्यांचे खनिज भरपूर असते. त्याच्या एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असल्याने मुरायला जागाच जागा. थेंब सच्छिद्र मातीवर आपटतो तेव्हा त्याखाली अडकलेल्या हवेचे बुडबुडे फुटून सूक्ष्म तुषार उडतात, आणि हे मुसळधारेपेक्षा हलक्या सरीत अधिक घडते. मृगाची पहिली सर म्हणूनच अधिक वास देते.

आता हे सारे एका कुपीत नांदवायचे, तर कोणता रेणू किती लवकर उडतो ते पाहावे लागते. नागपुरी संत्र्याच्या सालीच्या तेलातला बहुतांश भाग असलेले लिमोनीन १० कार्बनचे, हलके. ते सर्वांत आधी उडून जाते. मेळघाटाकडच्या रोशा गवतातले जिरॅनिऑलही १० कार्बनचेच, पण त्याला हायड्रोजन-ऑक्सिजनची जोडी चिकटलेली असल्याने त्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात आणि ते लिमोनीनसारखे १७६ ला न उकळता सुमारे २३० अंश सेल्सिअसला उकळते. गुलाबासारखा वास असल्यामुळे हेच रोशाचे तेल एकेकाळी मुंबईहून तुर्कस्तानला जाऊन गुलाबाच्या तेलात भेसळीसाठी वापरले जाई. तळाला वाळा हवा. त्याच्या मुळांतले १५ कार्बनचे जड रेणू फार सावकाश सुटतात. म्हणून वैशाखात कूलरला लावलेल्या ताट्या दिवसभर भिजवल्या तरी दुसऱ्या दिवशी पाणी सोडताच खोलीत पुन्हा तोच वास येतो.