हेस्कॉमचा मीटर असताना इन्व्हर्टरला दुसरा मीटर कशाला?

छतावर सोलर असलेल्या घरात हेस्कॉमचा, म्हणजे हुबळीच्या वीज कंपनीचा, नेट मीटर सगळ्यांच्या ओळखीचा. सोप्यात भिंतीवर सील मारून बसलेला. घेतलेली युनिटं वेगळी, दिलेली वेगळी, त्यावर बिल. त्याचं सील तोडायचं नाही, बाकी त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

घोळ होतो तो हायब्रिड इन्व्हर्टरसोबत, म्हणजे सोलर, बॅटरी आणि बाहेरची वीज तिन्ही सांभाळणाऱ्या इन्व्हर्टरसोबत, येणाऱ्या छोट्या मीटरचा. ‘बाहेर आहे की एक’ म्हणून तो खोक्यातच राहतो. पण हेस्कॉमचा मीटर इन्व्हर्टरशी बोलत नाही. मेनवरून या घडीला किती वॅट आत येतायत की बाहेर जातायत, हे इन्व्हर्टरला छोटा मीटरच सांगतो, आणि तो आकडा शून्याजवळ राहील एवढीच वीज बॅटरीतून सोडली जाते.

म्हणून त्याची सीटी, म्हणजे वायरला लावायचा करंटचा चिमटा, कुठं बसते यावर सगळं अवलंबून. जवळ पडते म्हणून ती इन्व्हर्टरच्याच वायरवर लावलेली सर्रास दिसते. हे साफ चूक. तिथं इन्व्हर्टरची स्वतःची वीज दिसते, घराची गरज नाही. जागा एकच: हेस्कॉमच्या मीटरनंतर मेन वायरवर, पहिला फाटा फुटण्याआधी. खानापूर, निपाणीकडं बोअरचा पंप घरच्याच मीटरवर असेल तर त्याची वायर बऱ्याचदा मेन स्विचमधूनच काढलेली असते. डीबीत, म्हणजे घरातल्या एमसीबीच्या पेटीत, लावलेल्या सीटीला तो पंप दिसतच नाही. बॅटरी भरलेली असूनही तो ग्रिडवर, म्हणजे हेस्कॉमच्या विजेवर चालतो.

चिमट्यात फक्त फेज घ्यायचा. न्यूट्रलही आत गेला तर दोन्ही करंट एकमेकांना मारतात, आकडा शून्य. जबडा टक् आवाज होऊन पूर्ण मिटला पाहिजे. सीटीवरच्या बाणाची दिशा कंपनीगणिक बदलते, मॅन्युअल बघूनच लावा. सीटी उलटी बसली तर बाहेर जाणारी वीज आत येतेय असं इन्व्हर्टरला वाटतं, आणि तो बॅटरी आणखी जोरात रिकामी करतो.

अंतर जास्त असेल तर सीटीची वायर जोड मारून वाढवू नका. मीटरच मेनजवळ बसवा आणि पीळ असलेली, शिल्डची आरएस४८५ केबल, म्हणजे मीटरचे आकडे पोचवणारी दोन तारांची केबल, इन्व्हर्टरपर्यंत न्या. ती लांब चालते. ए ला ए, बी ला बी. इन्व्हर्टरला मीटर सापडत नसेल तर दोन्ही वायरी अदलाबदल करून बघा, काही जळत नाही.

तपासणी झाल्याशिवाय वायरमनला सोडू नका. सोलर आणि बॅटरी बंद, घरातलं बाकी सगळं बंद, फक्त २००० वॅटचा गिझर चालू. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर ग्रिडचा आकडा ‘आत’ दिशेनं २००० च्या आसपास हवा. ‘बाहेर’ २००० दाखवला तर सीटी उलटी आहे. थ्री फेजला तोच गिझर ‘बाहेर’ १००० च्या आसपास दाखवत असेल तर सीटी एका फेजवर आणि त्याच जोडीतली मीटरची व्होल्टेजची वायर दुसऱ्यावर गेली आहे. सॉफ्टवेअरमध्ये चिन्ह उलटवून हे सुटत नाही. मेन स्विच बंद करून सीटी आणि व्होल्टेज वायरच्या तिन्ही जोड्या पुन्हा लावायच्या आणि गिझर एकेका फेजवर घेऊन तपासायचा.