दानीएलची चार श्वापदे आणि प्रकटीकरणातले एक

सात डोक्यांचे, दहा शिंगांचे श्वापद बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याने पाहिले, असे पुष्कळ जण बिनधास्त सांगतात. त्याने ते पाहिलेले नाही. दानीएलच्या सातव्या अध्यायात श्वापदे चार आहेत आणि ती समुद्रातून एकामागून एक निघतात: गरुडाचे पंख असलेला सिंह, तोंडात तीन फासळ्या धरलेले अस्वल, चार पंखांचा नि चार डोक्यांचा चित्ता. चौथ्याला तर कुठल्या प्राण्याचे नावच नाही. दात लोखंडी आणि शिंगे दहा, एवढेच. सात डोकीवाले श्वापद प्रकटीकरणाच्या, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, तेराव्या अध्यायातले, आणि समुद्रातून ते एकटेच निघते.

गफलत होते ती उगाच नाही. दानीएलच्या श्वापदांची डोकी मोजून पाहा. सिंहाचे एक, अस्वलाचे एक, चित्त्याची चार, चौथ्याचे एक. झाली सात! प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाने चौघांना एकाच कातड्यात कोंबले: अंग चित्त्याचे, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचे. प्राण्यांचा क्रमही त्याने उलटा लावला, आणि हे दानीएलकडून घेतले असे कुठे सांगितले नाही. त्याच्या वाचकांना सांगायची गरज नसावी.

दानीएलमध्ये अर्थ रांगेत आहे. एक राज्य जाते, दुसरे येते. बहुतेक अभ्यासक ती बाबेल, मेदी, पारस आणि ग्रीक अशी लावतात. चौथ्याच्या डोक्यावर मागाहून फुटलेले लहान शिंग, ज्याला माणसासारखे डोळे आणि बढाया मारणारे तोंड आहे, ते म्हणजे ग्रीक राजा अंतियोख चौथा. यरुशलेमच्या मंदिरातली नित्याची अर्पणे त्याने इ.स.पू. 167 मध्ये बंद पाडली. पुढे काळ बदलला, तसे चौथे श्वापदही बदलले. पहिल्या शतकाच्या अखेरच्या ‘चौथा एज्रा’ या यहुदी ग्रंथात तर देव एज्राला उघडच सांगतो: हे तुझा भाऊ दानीएल याला दिसलेलेच चौथे राज्य आहे, पण मी आता सांगतो तसा अर्थ त्याला सांगितला नव्हता. तिथे ते राज्य रोम आहे.

योहानाचे श्वापदही रोमच. सात डोकी म्हणजे सात डोंगर, असे सतराव्या अध्यायात तोच सांगतो, आणि रोम सात टेकड्यांचे शहर म्हणूनच ओळखले जाई. रांग इथे उरलीच नाही. सगळ्या जुन्या साम्राज्यांचा उग्रपणा एकाच अंगात आला आहे. मला योहानाची ही जुळणी दानीएलच्या रांगेपेक्षा जास्त भेदक वाटते.

राहिला योहानाने श्वापदाला दिलेला 666 हा आकडा. दानीएलमध्ये तो औषधालाही नाही. कटपयादी, म्हणजे अक्षरांनी आकडे लिहिण्याची संस्कृत पद्धत, ठाऊक असेल त्याला युक्ती लगेच कळेल, कारण हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंकमूल्य असते. ‘नेरोन केसर’, म्हणजे रोमचा सम्राट नेरो, हे हिब्रू अक्षरांत लिहा: 50, 200, 6, 50, मग 100, 60, 200. बेरीज 666. लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहिले की शेवटचे 50 गळतात आणि 616 उरतात. प्रकटीकरणाच्या काही जुन्या हस्तलिखितांत 666च्या जागी नेमका 616 आहे.