विंडोजच्या स्क्रिप्टमधली पारदर्शक चित्रं : तीन पद्धती, एक खिडकी

ऑटोइट किंवा ऑटोहॉटकी या विंडोजवरची कामं आपोआप करून घेणाऱ्या स्क्रिप्ट-भाषांमध्ये एखादं पारदर्शक पीएनजी चित्र पडद्यावर हळूहळू उमटवायचं आणि विरवायचं, एवढंच काम असतं. पण करायला बसलं की चित्राभोवती काळी चौकट येते, नाहीतर कडेला गुलाबी झालर दिसते, नाहीतर चित्र छान उमटतं आणि विंडोवरची बटणं गायब होतात. या तिन्ही तक्रारींचं मूळ एकाच ठिकाणी आहे. विंडोजमध्ये पारदर्शकता एकदम आली नाही. ती निरनिराळ्या काळात तीन पद्धतींनी आली आणि नवी आली म्हणून जुनी कुणी काढली नाही. तिन्ही आजही शेजारीशेजारी नांदतात, स्क्रिप्टच्या भाषांमधून तिन्हींपर्यंत पोहोचता येतं, आणि एकाच विंडोवर त्यांतल्या दोन पद्धती एकमेकींशी पटवून घेत नाहीत.

पहिली पद्धत होय-नाहीची. जुन्या विंडोजच्या आयकॉनमध्ये दोन चित्रं असत: एक मुखवटा आणि एक रंगीत. मुखवटा आधी पार्श्वभूमीवर ‘अँड’ (बिटांवरची एक तर्कक्रिया) करून छापायचा, म्हणजे आयकॉनच्या आकाराची काळी जागा तयार होते. मग त्या जागेत रंगीत चित्र ‘एक्सॉर’ या दुसऱ्या तर्कक्रियेने बसवायचं. पिक्सेल एकतर दिसणार किंवा नाही, मधलं काही नाही. पुढे विंडोज ९५ च्या काळात ‘सेट विंडो रीजन’ हे फंक्शन वापरात आलं आणि अख्ख्या विंडोलाच कात्रीने कापल्यासारखा आकार देता येऊ लागला. विनअँप या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामच्या स्किनमध्ये त्यासाठी ‘रीजन.टीएक्सटी’ नावाची फाइल असे आणि तिच्यात बहुभुजाकृतीचे कोपरे आकड्यांत लिहिलेले असत. आकार हवा तसा मिळायचा, पण कडा दातेरी. गोल कोपऱ्याची विंडो जवळून पाहिली की पायऱ्या मोजता येत.

मधल्या छटांचं गणित तोवर सिनेमाच्या जगात सुटलेलं होतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथा आकडा ठेवला, तो म्हणजे अल्फा: पिक्सेल किती अपारदर्शक आहे ते सांगणारा. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रावर चित्र चढवण्याचे नियम शोधनिबंधात मांडले. त्यात रंग आधीच अल्फाने गुणून ठेवायची शिफारस होती, कारण मग प्रत्येक वेळी एक गुणाकार वाचतो. पीएनजी मात्र उलट बाजूने गेलं. १ ऑक्टोबर १९९६ रोजी डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस म्हणून आलेल्या या फाइल-प्रकारात रंग मूळ स्वरूपात राहतो आणि अल्फा वेगळा. साठवणुकीसाठी हे बरोबरच आहे. गुणून ठेवलं तर फिकट पिक्सेलचा मूळ रंग हरवतो. पण फाइल एका रीतीची आणि पडदा दुसऱ्या रीतीचा, ही विसंगती तिथेच सुरू झाली. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला ती पुढे भोवते.

फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० बाजारात आलं आणि त्यात ‘लेयर्ड विंडो’ होती. विंडोला एक खास शैली लावायची (आकडा हेक्साडेसिमल ८००००) की ती पडद्यावर थेट न रंगता आधी स्मृतीत रंगते आणि मग खालच्या चित्रात मिसळली जाते. या शैलीला दोन दारं आहेत, म्हणजेच उरलेल्या दोन पद्धती, आणि पुढचा सगळा गोंधळ त्या दोन दारांचा.

पहिल्या दाराचं नाव ‘सेट लेयर्ड विंडो अॅट्रिब्यूट्स’. ते दोन गोष्टी करतं: अख्ख्या विंडोला ० ते २५५ मधली एकच अपारदर्शकता देतं, किंवा एखादा रंग ‘की’ ठरवून तो जिथे असेल तिथे आरपार करतं. दुसरं दार ‘अपडेट लेयर्ड विंडो’. ते प्रत्येक पिक्सेलचा अल्फा वेगळा मानतं, पण त्याला तयार ३२ बिटी चित्र हातात द्यावं लागतं. त्याच सुमारास ‘अॅनिमेट विंडो’मध्येही विरघळण्याचा प्रकार मिळाला.

स्क्रिप्टच्या भाषा या वेळी नुकत्या उभ्या राहत होत्या. जोनाथन बेनेट यांचं ऑटोइट १९९९ चं, मुळात संगणकांवर विनादेखरेख सॉफ्टवेअर बसवताना कळा आपोआप दाबण्यासाठी. ख्रिस मॅलेट यांचं ऑटोहॉटकी २००३ चं. ऑटोइटची तिसरी आवृत्ती २००४ मध्ये आली आणि त्या मालिकेत स्क्रिप्टला स्वतःच्या विंडो, बटणं, चित्रं मिळाली. पहिलं दार सोपं होतं, म्हणून तेच आधी भाषेत आलं: ऑटोइटमध्ये ‘विन सेट ट्रान्स’, ऑटोहॉटकीत ‘विनसेट ट्रान्सपरंट’ आणि ‘ट्रान्सकलर’. दुसऱ्या दारासाठी डीएलएल कॉल (विंडोजच्या फंक्शनला थेट हाक), स्ट्रक्चर (ठरावीक क्रमाने रचलेली माहिती), हँडल (विंडोजमधल्या वस्तूचा ओळख-आकडा) हे सगळं हाताने करावं लागे. त्यामुळे कित्येक वर्षं ‘पारदर्शक चित्र’ म्हणजे की-रंगाची युक्ती, असंच समीकरण राहिलं. ऑटोइटचा साधा चित्र-कंट्रोल (विंडोवर चित्र दाखवणारा घटक) तर बीएमपी, जेपीजी आणि जिफच वाचतो. पीएनजी त्याला चालतच नाही.

की-रंगाच्या युक्तीतच ती गुलाबी झालर आहे. चित्राची कड गुळगुळीत असते तेव्हा कडेचे पिक्सेल चित्राचा रंग आणि पार्श्वभूमीचा रंग यांचं मिश्रण असतात. की म्हणून किरमिजी (लाल २५५, हिरवा ०, निळा २५५) घेतला की शुद्ध किरमिजी तेवढा गळतो आणि मिश्रणं मागे उरतात. उपाय दोनच: कड दातेरी ठेवायची, किंवा चित्र ज्यावर दिसणार आहे त्याच्या जवळचा रंग की म्हणून निवडायचा. जेपीजीचा तर प्रश्नच नाही. त्याच्या संकोचनात रंगाचा आकडा एक-दोनाने हलतो आणि की जुळत नाही. विंडोवर किरमिजी ठिपके तसेच उरतात.

याच काळात एचटीए हा आणखी एक रस्ता होता: इंटरनेट एक्सप्लोरर ५ पासून एचटीएमएल आणि स्क्रिप्टची डेस्कटॉप विंडो. त्यात अल्फा फिल्टर एका ओळीत लागे, पण पीएनजीची पारदर्शक जागा आवृत्ती ६ पर्यंत राखाडी दिसे आणि त्यासाठी ‘अल्फा इमेज लोडर’ नावाचा वेगळा फिल्टर लावावा लागे. २००६ च्या आवृत्ती ७ मध्ये तो त्रास संपला. पायथन भाषेच्या टीकेइंटर या विंडो बनवण्याच्या लायब्ररीत आजही पहिलंच दार आहे. विंडोला ०.० ते १.० अपारदर्शकता आणि विंडोजवर की-रंग मिळतो, पण विंडोला पिक्सेलवार अल्फा नाही. पीएनजी वाचणंही टीकेइंटरच्या मुळाशी असलेल्या टीके ८.६ मध्ये, म्हणजे २०१२ ला आलं.

खरा बदल घडला जीडीआय प्लस या विंडोजच्या चित्र काढण्याच्या लायब्ररीमुळे. विंडोज एक्सपीसोबत २००१ मध्ये आलेली ही लायब्ररी पीएनजी वाचते, अल्फा समजते आणि साध्या फंक्शनांनी हाक मारता येते. दोन्ही भाषांच्या लोकांनी तिच्यावर तयार आवरणं लिहिली. ऑटोइटमध्ये असं आवरण पुढे सोबतच येऊ लागलं. त्यातून दुसरं दार उघडण्याची जी कृती रुळली, ती आजही जवळपास तशीच आहे.

शीर्षकपट्टी नसलेली, लेयर्ड शैलीची विंडो बनवायची. जीडीआय प्लस सुरू करून चित्र उघडायचं आणि त्याची रुंदी-उंची पिक्सेलमध्ये विचारायची. तेवढ्याच मापाचं ३२ बिटी डीआयबी सेक्शन (स्मृतीतलं कोरं बिटमॅप, म्हणजे आपला कॅनव्हास) तयार करून स्मृतीतल्या डीसीमध्ये (विंडोज ज्यावर रंगवतं तो पृष्ठभाग) निवडायचं, त्या डीसीवर जीडीआय प्लसने चित्र काढायचं आणि तो डीसी ‘अपडेट लेयर्ड विंडो’ला द्यायचा. सोबत चार बाइटचं मिश्रण-स्ट्रक्चर लागतं: क्रिया ०, ध्वज ०, एकंदर अल्फा ० ते २५५, आणि शेवटचा बाइट १, म्हणजे ‘पिक्सेलचा अल्फाही धर’. ऑटोहॉटकीत हे चार बाइट एका पूर्णांकात पाठवतात: अल्फा गुणिले ६५५३६, अधिक १,६७,७७,२१६. शेवटचा आकडा मिळवायचा राहिला की पिक्सेलचा अल्फा दुर्लक्षित होतो, आणि सुरुवातीला म्हटलेली काळी चौकट बहुतेक वेळा इथूनच येते.

चित्र काढताना रुंदी-उंची स्पष्ट द्यावी. न दिल्यास जीडीआय प्लस फाइलमध्ये नोंदवलेली डीपीआय (इंचामागे ठिपके) पाळतं. ७२ डीपीआयची ३०० पिक्सेल रुंद फाइल ९६ डीपीआयच्या पडद्यावर ४०० पिक्सेलची होते, आणि कॅनव्हास ३०० चाच असल्याने उजवी बाजू कापली जाते. फोटो-संपादकातून जतन केलेल्या फाइलींना हा रोग नेहमीचा.

गुणून ठेवलेल्या रंगाचा मुद्दा इथे परत येतो. ‘अपडेट लेयर्ड विंडो’ला रंग अल्फाने आधीच गुणलेला हवा असतो. रिकाम्या ३२ बिटी डीआयबीवर जीडीआय प्लसने काढलं तर गुणाकार आपोआप होतो. पिक्सेल स्वतः भरले तर आपल्याला करावा लागतो. अर्धपारदर्शक पांढरा (२५५, अल्फा १२८) गडद ४० च्या पार्श्वभूमीवर १४८ च्या आसपास दिसायला हवा. गुणाकार राहिला तर बेरीज २७५ होते, २५५ च्या पलीकडे, आणि कडेला भगभगीत पांढरी रेघ उमटते. काळ्या सावलीत ही चूक दिसतच नाही, कारण शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. म्हणून चाचणी पांढऱ्या आभेच्या चित्रावर, गडद वॉलपेपरवर करावी.

आता दोन दारांचं भांडण. एखाद्या विंडोवर एकदा ‘विन सेट ट्रान्स’ किंवा ‘ट्रान्सपरंट’ चालवलं की त्याच विंडोवर ‘अपडेट लेयर्ड विंडो’ अपयशी ठरतं, आणि लेयर्ड शैली काढून पुन्हा लावेपर्यंत ठरतच राहतं. स्क्रिप्ट थांबत नाही, फक्त ० परत येतो. उमटवण्यासाठी एक आज्ञा आणि विरवण्यासाठी दुसरी, अशी सरमिसळ केलेल्या स्क्रिप्ट हमखास इथे अडकतात. विरवायचं असेल तर त्या चार बाइटांमधला एकंदर अल्फाच बदलावा. तो प्रत्येक पिक्सेलच्या अल्फाला गुणला जातो आणि कडा शाबूत राहतात.

बटणं गायब होण्याचंही कारण हेच. दुसऱ्या दाराने रंगवलेली विंडो आपल्या हातच्या चित्राशिवाय काही दाखवत नाही, कंट्रोल त्यात रंगतच नाहीत. रिवाज असा की खाली पिक्सेलवार अल्फाची चित्राची विंडो, वर की-रंगाची बटणांची विंडो. ऑटोइटमध्ये वरचीला ‘एमडीआय चाइल्ड’ शैली दिली की ती खालचीबरोबर सरकते. लेयर्ड शैली चाइल्ड-विंडोला (दुसऱ्या विंडोच्या आत बसणाऱ्या विंडोला) चालायला विंडोज ८ उजाडावं लागलं, त्यामुळे त्याआधीच्या सगळ्या स्क्रिप्टमध्ये ही जोडगोळी दिसते. माऊसचाही नियम लक्षात ठेवावा: अल्फा ० असलेल्या जागेवरचा क्लिक खालच्या विंडोला जातो, १ असलेल्या जागेवरचा आपल्याला मिळतो. डोळ्याला दोन्ही सारखेच, म्हणून पारदर्शक जागेतही क्लिक हवा असेल तर तिथे अल्फा १ भरतात.

फेडच्या, म्हणजे उमटण्या-विरण्याच्या, वेगाचं गणित विंडोजच्या घड्याळाशी बांधलेलं आहे. सामान्यतः ते १५.६ मिलिसेकंदांनी टिकटिकतं, त्यामुळे ‘स्लीप १०’ लिहिलं तरी थांबा साधारण तेवढाच पडतो. अल्फा १-१ ने वाढवला तर २५५ टप्प्यांना जवळपास ४ सेकंद लागतात. ५-५ ने वाढवला तर ०.८ सेकंद. १० च्या टप्प्याने ० ते २५५ फिरवलं तर फेरी २५० वर संपते आणि चित्र कधीच पूर्ण उमटत नाही. शेवटी २५५ स्वतंत्र द्यावा लागतो. त्यापेक्षा टप्पे मोजूच नयेत. सुरुवातीची वेळ धरून ठेवावी, प्रत्येक फेरीत गेलेला वेळ भागिले एकूण वेळ गुणिले २५५ करावं आणि उत्तर २५५ ला अडवावं. मग संगणक मंद असो वा जलद, फेड ठरल्या वेळातच संपतो. ‘अॅनिमेट विंडो’ हे काम एका ओळीत करतं (उमटायला हेक्साडेसिमल ८००००, विरायला ९००००), पण तेवढा वेळ स्क्रिप्ट अडकून पडते आणि ते फक्त वरच्या पातळीच्या विंडोवर चालतं.

प्रत्येक फेरीत नवा डीसी आणि नवं बिटमॅप बनवून मोकळं न करणं, हा सगळ्यांत महागाचा आळस. एका प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) सुरुवातीच्या मर्यादेनुसार १०,००० जीडीआय हँडल मिळतात; जीडीआय म्हणजे विंडोजची चित्र काढण्याची जुनी यंत्रणा. सेकंदाला ६४ फेऱ्या आणि प्रत्येकी २ हँडल म्हटलं तर सव्वा मिनिटाच्या आसपास ते संपतात. मग मेनू अर्धवट रंगतात, विंडो पांढऱ्या पडतात. डीसीमध्ये अजून निवडलेलं बिटमॅप पुसलं जात नाही, म्हणून आधी जुनं परत निवडायचं, मग नवं पुसायचं. फक्त एकंदर अल्फा बदलत असेल तर कॅनव्हास एकदाच बनवून तोच पुन्हा पाठवावा.

एकाच कॅनव्हासवरच्या अनेक चित्रांपैकी एकच विरवायचं असेल तर एकंदर अल्फा कामाचा नाही. तिथे जीडीआय प्लसचा ५ बाय ५ रंगतक्ता वापरतात. चौथ्या ओळीतला चौथा आकडा ०.० ते १.० करायचा. दर फेरीला कॅनव्हास पूर्ण पारदर्शक रंगाने पुसायला हवा, नाहीतर अल्फा साचत जातो आणि विरणारं चित्र उलट ठळक होतं.

चित्रावर मराठी मजकूर हवा असल्यास तोही जीडीआय प्लसनेच लिहावा. जुन्या जीडीआयची अक्षरं अल्फाचा बाइट ० करून टाकतात आणि मजकूर भुतासारखा चमकतो. क्लिअरटाइप या अक्षरं गुळगुळीत करणाऱ्या तंत्रालाही अल्फा कळत नाही, पारदर्शक जागेवर काना-मात्रांना काळी किनार येते. साधं अँटीअलायझिंग, म्हणजे कडा गुळगुळीत करण्याची साधी रीत (मोड ४) निवडलं की ती जाते. स्क्रिप्टची फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात, बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीची संकेत ओळखण्याची खूण) जतन करावी. ऑटोहॉटकीच्या पहिल्या मालिकेत बीओएम नसेल तर फाइल एएनएसआय या जुन्या अक्षरसंकेतातली समजून वाचली जाते आणि ‘स्वागत’च्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उमटते, तीही अगदी सावकाश.