खालचा आकडा की आधीचा? सूत्रातले अणू मोजताना

एच₂ओ₂ आणि 2एच₂ओ यांत दहावीची मुलं हमखास गोंधळतात. पहिलं हायड्रोजन पेरॉक्साइड: एका रेणूत 4 अणू. दुसरं म्हणजे पाण्याचे दोन रेणू: हायड्रोजनचे 4 आणि ऑक्सिजनचे 2, एकूण 6 अणू. पदार्थच वेगळे.

खाली लिहिलेला छोटा आकडा त्याच्या लगेच डावीकडच्या चिन्हापुरता असतो. डावीकडे कंस असेल तर कंसातल्या सगळ्यांना लागतो. सूत्राच्या आधीचा मोठा आकडा म्हणजे सहगुणक. तो पुढच्या अधिक चिन्हापर्यंत किंवा बाणापर्यंतच्या अख्ख्या सूत्राला गुणतो. आकडा नसेल तिथे 1 धरायचा.

सर्वाधिक गुण जातात ते कंसात. चुन्याची निवळी म्हणजे सीए(ओएच)₂ चं द्रावण. बाहेरचा 2 फक्त हायड्रोजनला लावून ऑक्सिजन 1 मोजला जातो. खरे अणू कॅल्शियम 1, ऑक्सिजन 2, हायड्रोजन 2. ॲल्युमिनियम सल्फेट, एएल₂(एसओ₄)₃, यात दोन आकडे एकमेकांवर बसतात: ऑक्सिजन 4 गुणिले 3, म्हणजे 12. गंधक 3, ॲल्युमिनियम 2. एकूण 17. आता आधी 2 लिहिला तर 34. क्रम असा ठेवा: चिन्हाखालचा आकडा, मग कंसाबाहेरचा, सहगुणक सर्वांत शेवटी. आणि आकडे गुणायचे. 4 आणि 3 ची बेरीज करून 7 ऑक्सिजन लिहिणारेही भेटतात.

चिन्ह वाचतानाही जपा. इंग्रजीत सी आणि ओ दोन्ही मोठी अक्षरं असतील तर कार्बन मोनॉक्साइड, दोन अणू. ओ लहान असेल तर कोबाल्ट, एकच अणू. घाईच्या अक्षरात हा फरक पुसला जातो.

समीकरण संतुलित करताना फक्त सहगुणक बदलता येतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होताना उजवीकडे एक ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून काही जण एच₂ओ चं एच₂ओ₂ करून टाकतात. हिशेब जुळतो, पण पाणी राहत नाही! बरोबर मांडणी: 2एच₂ + ओ₂ → 2एच₂ओ. दोन्हीकडे हायड्रोजन 4, ऑक्सिजन 2.

ठिपक्याची सूत्रं मात्र फसवी. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेटचे निळे खडे, सीयूएसओ₄·5एच₂ओ. इथला ठिपका गुणाकाराचा नाही, आणि 5 सूत्राच्या मधोमध असूनही सहगुणकासारखा वागतो, फक्त पाण्यापुरता. सल्फेटच्या भागात 6 अणू, पाण्यात 15, एकूण 21. ऑक्सिजन 4 अधिक 5, म्हणजे 9. तुरटीत, केएएल(एसओ₄)₂·12एच₂ओ मध्ये, कंसही आहे आणि ठिपकाही: ऑक्सिजन 8 अधिक 12, म्हणजे 20, हायड्रोजन 24, एकूण 48. सरावाला याहून चांगलं सूत्र नाही.

मोरचुदातला हा 5 नुसता परीक्षेपुरता नाही. पुरंदरच्या अंजीरबागांत तांबेरा या बुरशीजन्य रोगावर फवारायचं एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, करताना 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना घेतात. त्या निळ्या खड्यांत तांबं भरतं सुमारे 255 ग्रॅम, कारण वजनाचा 36 टक्के वाटा पाण्याचा असतो. पाणी उडवलेली पांढरी पावडर तेवढीच घेतली तर तांबं जवळपास 400 ग्रॅमवर जातं. तीच मात्रा साधायला पांढरी पावडर 640 ग्रॅमच्या आसपास लागते.